पॅलिएटिव्ह केअरच्या ओपीडीत नर्सचं काम: टप्प्याटप्प्यानं

पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि इतर त्रास कमी करण्यासाठी असलेल्या ओपीडीत नव्यानं आलेल्या नर्सकडून बहुतेक वेळा एकच चूक होते. इतर ओपीडींचा क्रम ती इथे जसाच्या तसा चालवते. केसपेपर काढायचा, वजन-बीपी घ्यायचं, नंबर पुकारायचा, डॉक्टरांकडे पाठवायचं, औषधं हातात द्यायची, पुढची तारीख लिहायची. दिवस वेळेत संपतो. आणि दोन-तीन दिवसांनी तोच रुग्ण रात्री कॅज्युअल्टीत येतो. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची गोळी 'फारच दुखलं तर' म्हणून ठेवून दिलेली असते, जुलाबाचं (पोट साफ करणारं) औषध 'पोट बिघडेल' म्हणून दिलेलंच नसतं, आणि कुणाला फोन करायचा हे घरात कुणालाच माहीत नसतं.

ही ओपीडी कशासाठी आहे हे एकदा पक्कं लक्षात घ्या. रुग्ण तुमच्यासमोर असतो अर्धा-पाऊण तास. पुढची भेट होईपर्यंत त्याचा आजार घरच्यांच्या हातात असतो. त्यामुळे भेट नीट झाली की नाही हे ठरवायला एकच प्रश्न पुरेसा आहे: आज रात्री दोन वाजता दुखायला लागलं, तर काय करायचं हे या घराला माहीत आहे का? खालचे सगळे टप्पे या प्रश्नाचं उत्तर 'हो' यावं म्हणून आहेत. कर्करोग असो, हृदय किंवा किडनी निकामी झालेली असो, फुप्फुसाचा जुनाट आजार असो, क्रम फारसा बदलत नाही.

## टप्पा १: आदल्या दिवशीचा फोन

उद्याची यादी आजच हातात घ्या. प्रत्येकाला फोन करणं जमणार नाही, पण तिघांना करायचाच: मागच्या भेटीत ज्यांचं मॉर्फिन सुरू झालं किंवा डोस बदलला ते, मागची तारीख चुकवलेले, आणि पहिल्यांदाच येणारे.

फोनवर विचारा: रुग्णाला बसून येता येईल का, की झोपवूनच आणावं लागेल? झोपवून आणावं लागत असेल तर आणायची खरंच गरज आहे का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. काही वेळा नातेवाइकाला औषधांसह बोलावून किंवा घरी भेट देऊन काम होतं. मरणाच्या जवळ आलेल्या माणसाला केवळ 'तारीख आहे' म्हणून तासन् तास गाडीत बसवणं हा त्रास आपणच दिलेला असतो.

मग घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगा. यादी लिहून आणायला सांगू नका, पाकिटंच आणायला सांगा. दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली, शेजाऱ्यांनी सुचवलेली, अर्धी संपलेली, सगळी.

सावधान: 'डॉक्टरांना खरं दुखणं दिसू दे' म्हणून कित्येक रुग्ण सकाळची वेदनाशामक गोळी न घेताच येतात. फोनवर स्पष्ट सांगा: सकाळची गोळी घ्यायची, आणि पुढचा डोस सोबत आणायचा.

## टप्पा २: बाकड्यांवरची छाननी

नंबराप्रमाणे आत सोडणं न्याय्य वाटतं, पण इथे ते धोक्याचं आहे. ओपीडी सुरू होताच आणि त्यानंतर अधूनमधून बाकड्यांवरून नजर फिरवा. कोण कण्हतंय, कोण पुढे वाकून श्वास घेतंय, कोण भिंतीला टेकून झोपलंय. झोपलेला रुग्ण शांत असेलच असं नाही. हाक मारून बघा.

पुढची लक्षणं दिसली किंवा कानावर आली, तर नंबर बाजूला ठेवून डॉक्टरांना ताबडतोब बोलवा:

- कर्करोगाच्या रुग्णाला पाठीत नव्यानं सुरू झालेलं किंवा वाढत चाललेलं दुखणं, पायात कमजोरी, चालताना लटपटणं, लघवी अडकणं. मणक्यात मज्जारज्जू दाबला जात असेल तर एकेक तास मोलाचा. पाय एकदा पूर्ण गेले की ते परत येण्याची शक्यता फार कमी.
- केमोथेरपी सुरू असताना ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप.
- चेहरा आणि मान सुजलेली, मानेच्या शिरा फुगलेल्या, आडवं झालं की धाप वाढते.
- नवी ग्लानी किंवा बरळणं, सोबत खूप तहान आणि बद्धकोष्ठता. रक्तातलं कॅल्शियम वाढल्याची शंका घ्या.
- मानेवरच्या किंवा तोंडातल्या जखमेतून आलेलं ताजं रक्त, थोडंसं असलं तरी. मोठ्या रक्तस्रावाची ती आगाऊ सूचना असू शकते.
- मॉर्फिनवर असलेला रुग्ण जो हलवूनही नीट जागा होत नाही. श्वास मोजा, डोळ्यांच्या बाहुल्या बघा. मिनिटाला आठच्या खाली श्वास आणि टाचणीएवढ्या बाहुल्या म्हणजे थांबायला वेळ नाही.

## टप्पा ३: आधी ऐकणं, मग मोजणं

खुर्ची ओढून बसा. उभ्यानं विचारलेल्या प्रश्नाला उभ्यानंच उत्तर मिळतं: 'बरं आहे.' पहिला प्रश्न असा विचारा: 'आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?' उत्तर दुखणंच असेल असं धरून चालू नका. काहींना झोप नसते, काहींना तोंडाची चव गेल्याचं दुःख असतं, काहींना 'मुलीचं लग्न व्हायचंय' याचं. जे पहिलं आलं ते त्यांच्याच शब्दांत लिहा.

त्यानंतर लक्षणांचं मोजमाप. बहुतेक ठिकाणी एडमंटन मापन वापरतात. त्यात वेदना, थकवा, गुंगी, मळमळ, भूक न लागणं, धाप, उदासी, चिंता आणि एकूण कसं वाटतंय, या नऊ गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे असतात. शून्य म्हणजे अजिबात त्रास नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही.

इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. आकडा नातेवाइकाला विचारला जातो आणि रुग्ण शेजारी गप्प बसून राहतो. किंवा घाईत नर्स अंदाजानं भरते. किंवा 'कालपासून', 'एरवी', 'आत्ता' यांची सरमिसळ होते. एडमंटन मापनाच्या सुधारित आवृत्तीत प्रश्न 'आत्ता'चा असतो. रात्रीचं दुखणं वेगळं असेल तर ते वेगळं लिहा. रुग्ण बोलू शकत नसेल तर चेहरा, कण्हणं, श्वास, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर शांत होतो का, यावरून नोंद करा आणि 'निरीक्षणावरून' असं शेजारी लिहा.

आकड्याइतकंच दुखण्याचं वर्णन महत्त्वाचं. 'ठणकतंय', 'पिळवटतंय', 'आग होते', 'चमका मारतात', 'मुंग्या येतात', यांतला रुग्णानं वापरलेला शब्द जसाच्या तसा लिहा. आग, चमका आणि मुंग्या नसांच्या दुखण्याकडे बोट दाखवतात. त्याला नुसतं मॉर्फिन अनेकदा पुरत नाही आणि डॉक्टर वेगळं औषध जोडतात. तुम्ही 'पेन आठ' एवढंच लिहिलंत तर ही माहिती दारातच हरवली.

शौचाचा प्रश्न कधीही सोडू नका, आणि तो नीट विचारा.

'पोट साफ होतं का?'
'हो, उलट पातळच होतंय. म्हणून जुलाबाचं औषध बंद केलं.'
'शेवटचं घट्ट, नेहमीसारखं कधी झालं होतं?'
'...आठवडा झाला असेल.'

हा जुलाब नव्हे. आत घट्ट मळाचा खडा साचलाय आणि त्याच्या कडेनं पाणी झिरपतंय. 'पोट साफ होतं का' एवढ्यावर थांबलो असतो तर केसपेपरवर 'लूज मोशन्स' लिहिलं गेलं असतं, आणि कुणी त्यावर संडास थांबवायची गोळी लिहूनही दिली असती.

शेवटी रुग्ण किती हिंडता-फिरता आहे ते नोंदवा. कोणतीही एकच पट्टी वापरा, पण दर भेटीला तीच. मागच्या महिन्यात स्वतः चालत येणारा माणूस आज खाटेवर दिवस काढतोय, हा उतार कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा जास्त सांगतो.

तपासा: आत जाण्याआधी तुमच्याकडे चार गोष्टी आहेत का? सगळ्यात मोठा त्रास, आकडे मागच्या भेटीच्या तुलनेत, शेवटची शौच, आणि पिशवीतली औषधं उघडून पाहिलेली.

पिशवी उघडताना एकाच औषधाची दोन नावांची पाकिटं शोधा. पॅरासिटामॉल याबाबतीत सगळ्यात फसवं. ते एकटंही असतं, ट्रामाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकाबरोबरही असतं, सर्दीच्या गोळीतही असतं. प्रौढ माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, आणि खंगलेल्या रुग्णाला त्याहूनही कमी. गोळ्या मोजूनही बघा. तीस दिल्या होत्या, दहा दिवस झाले आणि अठ्ठावीस शिल्लक आहेत, तर 'औषध लागू पडत नाही' या तक्रारीचं कारण तुमच्या हातात आहे.

## टप्पा ४: डॉक्टरांच्या खोलीत

माहिती तीन-चार वाक्यांत द्या आणि आत थांबा. बाहेर निघून जाणं ही मोठी चूक. काय सांगितलं गेलं, कोणत्या शब्दांत, आणि ते ऐकताना कुणाचा चेहरा पडला, हे पाहिलं नसेल तर पुढच्या टप्प्यात तुम्ही अंधारात बोलाल.

आत जाण्याआधी दारात बऱ्याचदा मुलगा बाजूला घेतो: 'सिस्टर, बाबांना आजाराचं काही सांगू नका.' यावर 'नाही सांगत' असं वचन देऊ नका आणि 'सांगायलाच हवं' असा वादही घालू नका. असं म्हणता येईल: 'तुम्हाला त्यांची काळजी वाटते, म्हणूनच म्हणताय. मी आपणहून काही काढणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. त्यांना स्वतःला काय माहीत आहे, आणि किती जाणून घ्यायचंय, हे आधी त्यांनाच विचारू या का?' बहुतेक वेळा बाबांना अंदाज असतोच. ते मुलाला जपत असतात आणि मुलगा त्यांना.

आणि रुग्णानं तुम्हालाच विचारलं, 'मी बरा होईन ना?' तर 'होणार, होणार, धीर धरा' हे उत्तर तोंडावर आलं तरी गिळा. 'आज हे का विचारावंसं वाटलं?' असं म्हणा आणि थांबा. ती शांतता भरून काढायची घाई करू नका. पुढे जे येईल ते डॉक्टरांपर्यंत पोचवायचं आहे, हेही रुग्णाला सांगा.

## टप्पा ५: औषधं समजावणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. डोस डॉक्टर ठरवतात. तो घरात नीट दिला जाईल हे नर्स ठरवते.

क्रम असा ठेवा.

पहिलं, भीती. 'मॉर्फिन' हा शब्द ऐकल्यावर कोण दचकलं ते बघा. 'याची सवय लागेल' आणि 'हे म्हणजे शेवटचं औषध' या दोन समजुती उघड बोलल्याशिवाय वेळापत्रक समजावण्यात अर्थ नाही, कारण मनात भीती असलेला माणूस घरी गेल्यावर गोळी कपाटात ठेवून देतो. वेदनेसाठी, देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत घेतलेलं मॉर्फिन माणसाला सहसा व्यसनी करत नाही आणि मरण ओढवूनही आणत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा.

दुसरं, घड्याळ. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून ती दर चार तासांनी, दुखत नसलं तरी. दुखणं परत येण्याची वाट पाहायची नाही. वेळा घरच्यांच्या दिनक्रमाला धरून लिहा. वाचता येत नसेल तर कागदावर सूर्य आणि चंद्र काढा आणि त्यापुढे गोळी चिकटवा.

तिसरं, मधला डोस. ठरलेल्या वेळांच्या मधे दुखणं उसळलं तर द्यायचा जादा डोस. तो दिवसभराच्या एकूण मात्रेच्या साधारण दहाव्या ते सहाव्या भागाइतका असतो. म्हणजे दिवसाला ६० मिलिग्रॅम असेल तर ६ ते १०. चिठ्ठीवरचा आकडा या हिशेबाशी जुळतो का पाहा आणि नाही जुळला तर डॉक्टरांना विचारा. मधला डोस दिला म्हणून पुढचा वेळेचा डोस चुकवायचा नाही. दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा लागला तर फोन.

चौथं, पोट. मॉर्फिननं येणारी मळमळ बहुधा आठवड्याभरात आणि गुंगी दोन-तीन दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र कधीच ओसरत नाही. म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू, आणि मॉर्फिन चालू असेपर्यंत चालू. आतड्याची हालचाल वाढवणारं औषध लागतं. पाण्यानं फुगणारी भुकटी इथे उपयोगाची नाही, कारण रुग्ण पाणी कमी पितो आणि ती आतच घट्ट होऊन बसते. पोट अडलेलं असेल, म्हणजे फुगलेलं पोट, कळा आणि उलट्या असतील, तर जुलाबाचं औषध देण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

पाचवं, काय करायचं नाही. हळूहळू विरघळणारी गोळी चावायची, कुटायची किंवा अर्धी करायची नाही. बारा तासांचं औषध एकदम रक्तात उतरतं. फेंटॅनिलचा पॅच (त्वचेवर चिकटवायची वेदनाशामक पट्टी) असेल तर तो बहुधा ७२ तासांनी बदलायचा, जागा बदलायची, जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही, आणि त्यावर शेक किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. पहिला पॅच लागू पडायला १२ ते २४ तास लागतात, तोवर आधीचं औषध कसं चालवायचं हे लिहून द्या. काढलेला पॅच चिकट बाजू आत करून दुमडायचा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकायचा.

सावधान: रुग्णाची किडनी नीट चालत नसेल तर मॉर्फिनचे घटक शरीरात साचतात. अंग झटके खाणं, वाढती ग्लानी, भास होणं दिसलं तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा, असं घरच्यांना सांगून ठेवा.

तपासा: 'समजलं ना?' असं विचारू नका. त्याला सगळे 'हो' म्हणतात. असं म्हणा: 'मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. रात्री दोनला दुखलं तर काय कराल, ते मला सांगा.' उत्तर अडखळलं तर पुन्हा सांगा. हे आजी किंवा आजोबांसोबत आलेल्या माणसाला विचारून उपयोग नाही. घरी गोळी जिच्या किंवा ज्याच्या हातून जाणार, त्याच व्यक्तीला विचारा. ती आली नसेल तर तिथूनच फोन लावा.

## टप्पा ६: हातानं शिकवायच्या गोष्टी

जखमेचं ड्रेसिंग, तोंडाची निगा, स्टोमा (पोटावर केलेलं शौचाचं किंवा लघवीचं तोंड), नळीतून भरवणं, कॅथेटर (लघवीची नळी). तुम्ही करून दाखवा, मग नातेवाइकाला तुमच्यासमोर करायला लावा. नुसतं बघून कुणी शिकत नाही.

कर्करोगाच्या उघड्या जखमेबद्दल थोडं सविस्तर. ड्रेसिंगच्या आधी साधारण अर्धा तास वेदनाशामक द्या. जुनी पट्टी ओढून काढू नका. सलाइननं भिजवा, ती आपोआप सुटेपर्यंत थांबा. रक्त येतं आणि दुखतं ते बहुतेक वेळा ओढण्यामुळे. दुर्गंधीसाठी मेट्रोनिडॅझोल हे जंतुविरोधी औषध जखमेवर वापरतात, डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि वास आला तरी चेहऱ्यावर दाखवू नका. रुग्ण ड्रेसिंगकडे पाहत नसतो, तुमच्याकडे पाहत असतो. रक्तस्रावाचा धोका असेल तर घरात गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवायला सांगा. पांढऱ्या कापडावरचं रक्त पाहून घरचे हादरतात आणि मग काहीच सुचत नाही.

तोंडात टॉर्च टाकून बघायला विसरू नका. पांढरे चट्टे म्हणजे बहुधा बुरशी, आणि 'जेवण जात नाही' याचं कारण अनेकदा तेवढंच असतं.

धाप लागणाऱ्यासाठी पंख्याची हवा चेहऱ्यावर, पुढे झुकून बसणं, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणं. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा चांगला आहे म्हणून 'धाप नाहीच' असं म्हणू नका. रुग्ण म्हणतो तेवढी धाप.

## टप्पा ७: सांभाळणारी व्यक्ती

तिला एकटीला, रुग्णापासून बाजूला, एक प्रश्न: 'तुमची झोप कशी आहे?' बहुतेकींना हे कुणीच विचारलेलं नसतं. रात्री कोण जागतं, पाळी लावता येईल का, घरात लहान मुलं आहेत का आणि त्यांना काय सांगितलंय, एवढं नोंदवा. तिथे खरोखर मदत लागत असेल तर समाजसेवक किंवा समुपदेशकाशी त्याच दिवशी गाठ घालून द्या.

## टप्पा ८: ४८ तासांचा फोन

मॉर्फिन सुरू झालं किंवा डोस बदलला, तर दोन दिवसांच्या आत तुम्ही फोन करायचा. 'काही लागलं तर कळवा' हे पुरत नाही. संकोचानं लोक कळवत नाहीत. फोनवर पाच गोष्टी: दुखण्याचा आकडा, मधले डोस किती लागले, झोप की गुंगी, मळमळ, शौच. गुंगी आहे म्हणाले तर विचारा, 'हाक मारल्यावर जागे होऊन बोलतात का?' बरेच दिवस दुखण्यानं जागलेला माणूस दुखणं थांबल्यावर गाढ झोपतो, त्यात घाबरण्यासारखं नाही. हाकेला ओ देत नसेल तर लगेच आणायला सांगा.

बोलणं झाल्या झाल्या केसपेपरवर वेळेसह लिहा. पुढचा फोन दुसऱ्या नर्सला येणार आहे.

## टप्पा ९: रुग्ण गेल्यानंतर

हा टप्पा बहुतेक ठिकाणी गळतो. बातमी कळताच रुग्णाचं नाव तारखांच्या यादीतून काढा, म्हणजे 'उद्या तपासणीला या' असा फोन त्या घरात जाणार नाही. एक-दोन आठवड्यांत तुम्ही स्वतः फोन करा. उरलेलं मॉर्फिन आणि पॅच परत मागवा, मोजून नोंदवहीत चढवा.

आणि एक प्रश्न ऐकायची तयारी ठेवा. सांभाळणारी व्यक्ती तो कधी सरळ विचारते, कधी भलत्याच गोष्टीबद्दल बोलत बोलत त्यावर येते: 'त्या रात्री मी गोळी दिली आणि पहाटे ते गेले. माझ्यामुळे झालं का?' 'नाही हो, असं मनात आणू नका' एवढ्यानं तो प्रश्न मिटत नाही. केसपेपर समोर घ्या. कोणता डोस ठरला होता, त्यांनी किती वाजता किती दिला, आधीच्या दिवसांत तोच डोस चालू होता का, शेवटच्या तासांत श्वास आजारामुळे कसा बदलत जातो, हे एकेक करून सांगा. डोस ठरल्याप्रमाणे दिला होता असं नोंदीवरून दिसत असेल, तर तसं ठाम शब्दांत म्हणा, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा म्हणा.